बॉस्टनचा जामीनदार

तुरुंग हा गुन्हेगारांसाठी असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आकडे मात्र या समजुतीला दुजोरा देत नाहीत. २०२२ अखेर भारतातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे दर चारांपैकी तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा होता. यांत गंभीर आरोपांखाली पकडलेली माणसे होती हे खरेच. परंतु किरकोळ आरोपाखाली आत आलेली आणि न्यायालयाने जामीन मंजूर केल्यावरही आतच राहिलेली माणसेही अशा गर्दीत नेहमी असतात. त्यांच्या बंदिवासाचे कारण कायद्याच्या कोणत्याही कलमात सापडत नाही. ज्याच्या घरी सातबारा आहे, ऐपतीचा दाखला काढू शकणारा एखादा सोयरा आहे, तो आदेश होताच घरी जातो; ज्याला असे कोणी नाही तो कोठडीत परत जातो. आरोप एक, कलम एक, न्यायाधीशही एकच. फरक असतो तो फक्त पाठीशी कोण उभे आहे याचा.

या फरकाचे मोल ज्याने प्रथम ओळखले आणि स्वतःच्या खिशातून चुकते केले, तो ना कायदेपंडित होता, ना न्यायाधीश, ना लोकप्रतिनिधी. अमेरिकेतील बॉस्टन शहरात जोडे शिवणारा तो एक कारागीर होता. त्याचे नाव जॉन ऑगस्टस. दंडशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत परिवीक्षेचा, म्हणजे शिक्षा तहकूब ठेवून अपराध्याला देखरेखीखाली मोकळे सोडण्याच्या पद्धतीचा, जनक म्हणून त्याचा उल्लेख असतो. पण पुष्कळदा तो एका ओळीपुरताच. त्याच्या आयुष्याचा हिशेब सविस्तर मांडला, तर न्यायदानाच्या व्यवस्थेत पैसा कोठून कोठे वाहतो आणि त्या प्रवाहात गरीब माणूस कसा वाहून जातो, हे जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या जाड आयोगाच्या अहवालातूनही दिसत नाही.

कारागीर आणि चळवळ

ऑगस्टसचा जन्म १७८५ चा, मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न गावचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची समाप्ती होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. विशीत असताना तो शेजारच्या लेक्सिंग्टन गावी आला आणि तेथे त्याने जोडे तयार करण्याचा धंदा मांडला. धंद्यात त्याला बरे यश आले. पुढे १८२७ च्या सुमारास त्याने आपले बस्तान बॉस्टनला हलविले. न्यायालयापासून जवळच त्याचे दुकान होते. हाताखाली माणसे होती. पन्नाशी ओलांडेपर्यंतचे त्याचे आयुष्य एखाद्या सचोटीच्या, देवभीरू व्यावसायिकाचे असावे तसेच होते. इतिहासाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही नव्हते.

त्या काळच्या अमेरिकेत दारूचा प्रश्न उग्र झाला होता. १८४० साली बाल्टिमोर शहरात काही मद्यपींनीच एकत्र येऊन, जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव घेऊन, संपूर्ण मद्यत्यागाची एक संघटना काढली. पूर्वीच्या दारूबंदी-प्रचारकांचा भर उपदेशावर आणि पतिताच्या निर्भर्त्सनेवर होता. या नव्या मंडळींचे म्हणणे वेगळे होते. दारुड्या हा कायमचा बुडालेला माणूस नव्हे. त्याला कोणी हात दिला, सोबत केली, तर तो सुधारू शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती आणि तिच्यामागे स्वानुभव होता. ही चळवळ अल्पावधीत बॉस्टनला पोचली आणि ऑगस्टस तिचा सभासद झाला.

बॉस्टनच्या न्यायालयांत मात्र या श्रद्धेचा मागमूस नव्हता. वारंवार दारू पिऊन रस्त्यात पडणारा माणूस हा कायद्याने अपराधी होता. त्याला पकडावे, दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढे उभे करावे आणि सुधारगृहात धाडावे, असा क्रम होता. नावाने ते सुधारगृह असले तरी प्रत्यक्षात तो तुरुंगच होता. तेथून सुटलेला माणूस नोकरी गमावलेला, कुटुंब विस्कटलेला आणि अंगावर कलंक घेतलेला असा बाहेर पडे. साहजिकच तो पुन्हा गुत्त्याकडे वळे आणि तेथून पुन्हा न्यायालयात येई. दंड झालाच आणि तो भरण्याची ऐपत नसली, तरीही वाट तुरुंगाचीच.

तीन आठवड्यांची मुदत

१८४१ च्या ऑगस्ट महिन्यात एके सकाळी ऑगस्टस पोलिस न्यायालयात बसला होता. कोठडीचे दार उघडून एका फाटक्या कपड्यांतील माणसाला आणण्यात आले. आरोप नेहमीचाच, दारूबाजीचा. पुरावाही स्पष्ट होता. शिक्षा जाहीर होण्यापूर्वी ऑगस्टस त्याच्याशी चार शब्द बोलला. हा मनुष्य पूर्णपणे हाताबाहेर गेलेला नाही, अशी त्याची खात्री पटली. सुधारगृहातून वाचविलेत तर पुन्हा दारूला शिवणार नाही, असे त्या माणसाने कळवळून सांगितले. ऑगस्टसने न्यायाधीशाच्या अनुमतीने त्याचा जामीन घेतला. शिक्षा सुनावण्यासाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरली. त्या माणसाने मद्यत्यागाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली.

तीन आठवड्यांनी दोघेही न्यायालयात हजर झाले. आरोपीचे रूप इतके पालटले होते की त्याला पूर्वी पाहिलेल्यांनाही ओळख पटेना. न्यायाधीश संतुष्ट झाला. नेहमीची कारावासाची शिक्षा बाजूला ठेवून त्याने एक सेंट दंड ठोठावला. न्यायालयाच्या खर्चासह ही रक्कम ३ डॉलर ७६ सेंट झाली, म्हणजे प्रत्यक्ष दंडाच्या पावणेचारशे पट खर्च. ती तेथल्या तेथे भरली गेली आणि तो माणूस आपल्या कामाला लागला.

ही घटना किती साधी आहे! तिच्यात कायद्याची दुरुस्ती नाही, नव्या न्यायालयाची स्थापना नाही, शासनाचा ठराव नाही. शिक्षा देण्याचा न्यायाधीशाचा अधिकार अबाधित राहिला. बदल एवढाच झाला की अपराध शाबीत होणे आणि शिक्षा होणे यांच्यामध्ये थोडा काळ मोकळा सोडण्यात आला आणि त्या काळात आरोपीच्या शेजारी एक जबाबदार माणूस उभा राहिला. अपराध्याकडून चांगल्या वर्तनाचे बंधपत्र घेऊन त्याला सोडण्याची रूढी इंग्रजी कायद्यात पूर्वीपासून होती आणि बॉस्टनच्याच न्यायाधीश थॅचर यांनी १८३० च्या सुमारास तिचा उपयोग केला होता, हेही नमूद केले पाहिजे. ऑगस्टसने कल्पना शून्यातून निर्माण केली नाही. पण मोकळ्या सोडलेल्या माणसाचे पुढे काय होते, ही चिंता कोणीतरी रोजचे काम म्हणून वाहिली पाहिजे, हे त्याने ओळखले. परिवीक्षा ही संस्था म्हणून जन्मली ती येथे.

पद्धत

पहिल्या अनुभवाने हुरूप येऊन ऑगस्टस नित्यनेमाने न्यायालयात जाऊ लागला. सुरुवातीस तो दारूबाजीच्या आरोपाखालील पुरुषांनाच सोडवीत असे. लवकरच स्त्रियाही त्याच्या आश्रयाला आल्या आणि त्यांच्यामागून मुले आली. १८४३ मध्ये आठ व दहा वर्षांच्या दोन मुली आणि अकरा वर्षांचा एक मुलगा, असे चोरीच्या आरोपाखालील तिघेजण त्याने जामिनावर घेतले. पोलिस न्यायालयापुरते मर्यादित असलेले त्याचे कार्य त्याच सुमारास शहराच्या वरिष्ठ न्यायालयातही सुरू झाले.

त्याची दयाबुद्धी आंधळी नव्हती. दिसेल त्याचा जामीन घेणे हा त्याचा मार्ग नव्हता. आरोपीचे पूर्वचारित्र्य, त्याचे वय आणि सुटल्यावर तो कोणत्या संगतीत वावरणार, या तीन गोष्टींची तो चौकशी करी. शक्यतो पहिलाच अपराध असलेल्यांना तो पसंत करी. जामीन घेतल्यावर तो त्यांना काम शोधून देई, मुलांना शाळेत घाली, राहण्याची सोय करी. अनेकांना त्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतले. प्रत्येकाची नोंद तो ठेवी आणि ठरल्या तारखेला न्यायालयापुढे येऊन त्यांच्या वर्तनाविषयी निवेदन करी. आजच्या परिवीक्षा अधिकाऱ्याची प्राथमिक चौकशी, देखरेख, पुनर्वसन आणि अहवाल ही चारही कर्तव्ये एका अल्पशिक्षित कारागिराच्या दिनक्रमात अशी आपोआप जमा झाली होती.

१८४७ मधील एक प्रकरण या पद्धतीचा नमुना म्हणून सांगता येईल. त्या वर्षी ऑगस्टसने सात ते पंधरा वयाच्या एकोणीस मुलांचा जामीन घेतला. त्यांचे खटले महिन्यामहिन्याने पुढे ढकलावे, असे न्यायालयाने मान्य केले. दर महिन्याला प्रकरणे पुकारली जात, ऑगस्टस उभा राहून अहवाल देई आणि पुढची तारीख पडे. पाच-सहा महिन्यांनी त्यांतील बारा मुले एकाच वेळी न्यायालयात आणली गेली, तेव्हा त्यांच्यातील पालट पाहून न्यायाधीशाने समाधान व्यक्त केले आणि कायद्याचा हेतू साध्य झाल्याचे मान्य केले. प्रत्येकाला दहा सेंट दंड झाला. बारांपैकी सातजणांची तेवढीही ऐपत नव्हती. त्यांचा दंड ऑगस्टसने भरला.

दहा सेंट भरू न शकणारी सात मुले! अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या तपशिलापाशी थांबावेसे वाटते. नियमाप्रमाणे पाहता दंड न भरणाऱ्याची वाट तुरुंगाची होती. म्हणजे त्या मुलांच्या बाबतीत चोरीची शिक्षा आणि दारिद्र्याची शिक्षा यांतील सीमारेषा दहा सेंटांची होती.

विरोध कोणाचा आणि का?

अशा माणसाचे न्यायालयात स्वागत झाले असेल, असे कोणाला वाटेल. न्यायाधीशांपैकी अनेकांनी त्याला साथ दिली हे खरे. परंतु पोलिस अंमलदार, न्यायालयातील कारकून आणि तुरुंगाचे पहारेकरी यांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. या विरोधाचे कारण तत्त्वज्ञानात शोधण्याची गरज नाही. त्या काळी यांपैकी अनेकांचे उत्पन्न पगारापेक्षा फीवर अवलंबून असे. आरोपीला तुरुंगात पोचविले की अंमलदाराला सुमारे पाऊण डॉलर मिळे. कागद तयार करणाऱ्या कारकुनाला आणि कुलूप लावणाऱ्या पहारेकऱ्यालाही त्यांचा वाटा मिळे. मजुराला दिवसभराच्या श्रमाबद्दल साधारण एक डॉलर मिळण्याचे ते दिवस होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पाऊण डॉलरचे महत्त्व कळते. ऑगस्टसने सोडविलेला प्रत्येक माणूस हे त्यांच्या दृष्टीने बुडालेले उत्पन्न होते.

ही मंडळी विशेष दुष्ट होती असे मानण्याचे कारण नाही. माणसे ज्या गोष्टीबद्दल मोबदला मिळतो ती गोष्ट अधिक करतात, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक पाठ आहे. तुरुंगात पाठविण्याबद्दल मोबदला आणि वाचविण्याबद्दल काहीच नाही, अशी रचना केली, तर भल्या माणसांच्या हातूनही तुरुंग भरत राहतील. शिवाय या व्यवहारातील खरा खर्च कोणाच्याच वहीत चढत नसे. कैद्याच्या पोषणाचा खर्च करदाता देई. बुडालेल्या मजुरीचा खर्च त्याची बायकामुले सोशीत. लाभ मूठभरांच्या पदरात रोख पडत होता आणि तोटा अनेकांवर विखुरलेला होता. अशी रचना टिकाऊ असते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

विरोध केवळ फीच्या लाभार्थींकडूनच झाला असे नव्हे. गुन्हेगारांना पाठीशी घालून हा मनुष्य कायद्याचा धाक घालवितो, असे म्हणणारे सज्जनही पुष्कळ होते. वेश्याव्यवसायाच्या आरोपाखालील स्त्रियांना त्याने सोडविले तेव्हा तो अनीतीला उत्तेजन देतो असा गवगवा झाला. जामिनांच्या उलाढालीत याचा स्वतःचा काही लाभ असला पाहिजे, असा संशयही घेतला गेला. ऑगस्टसने १८५२ साली आपल्या दहा वर्षांच्या कार्याचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला, त्यामागे या आक्षेपांना हिशेबाने उत्तर देणे हाही एक हेतू होता.

तो हिशेब बोलका आहे. १८५८ पर्यंत त्याने १,९४६ व्यक्तींचा जामीन घेतला. त्यांत १,१५२ पुरुष आणि ७९४ स्त्रिया होत्या. या सर्वांपोटी त्याने पत्करलेली एकूण हमी २ लाख ४३ हजार २३४ डॉलरची भरते. म्हणजे माणशी सरासरी सव्वाशे डॉलर, मजुराची चार महिन्यांहून अधिक काळाची कमाई. दंड आणि न्यायालयीन खर्च म्हणून त्याने २,४१७ डॉलर ६५ सेंट भरले. हमी घेतलेल्यांपैकी त्याला तोंडघशी पाडून पळून गेलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

एवढी हमी पेलण्याइतकी दौलत एका जोडे शिवणाऱ्याजवळ असणे शक्यच नव्हते. न्यायालयाने स्वीकारली ती त्याची पत होती, आणि ती एकेका पाळलेल्या तारखेतून उभी राहिली होती. भांडवल नसलेल्यांना तो आपली पत उसनी देत होता. या व्यवहारात त्याचा स्वतःचा धंदा मात्र बसला. सकाळ न्यायालयात आणि दुपार कोणाला काम, कोणाला निवारा शोधण्यात जाऊ लागल्यावर दुकानाकडे पाहणार कोण? काही वर्षांतच त्याला जोड्यांचा व्यवसाय सोडून द्यावा लागला. पुढे मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या देणग्यांवर त्याने काम रेटले. सरकारी पद किंवा वेतन त्याला कधीच मिळाले नाही. २१ जून १८५९ रोजी त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो श्रीमंत राहिला नव्हता.

व्यक्तीकडून संस्थेकडे

ऑगस्टसच्या मृत्यूनंतर काही काळ इतर स्वयंसेवकांनी हे काम चालविले. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून बॉस्टन शहरासाठी सवेतन परिवीक्षा अधिकाऱ्याची तरतूद केली. जगातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा मानला जातो. त्या पदावर प्रथम आले ते शहराचे माजी पोलिसप्रमुख एडवर्ड सॅव्हेज. ज्या खात्यातील माणसांनी ऑगस्टसला विरोध केला होता, त्याच खात्याच्या एका प्रमुखाने त्याचा वारसा चालवावा, यात काळाचा न्याय आहे. १८९१ च्या कायद्याने ही पद्धत राज्यभरच्या न्यायालयांना बंधनकारक झाली. १९२५ साली अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांसाठीही परिवीक्षेचा कायदा झाला. १९८९ मध्ये मायामी येथे अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या आरोपींसाठी वेगळे न्यायालय निघाले. तेथे शिक्षेऐवजी उपचार देऊन आरोपीला ठरावीक मुदतीने न्यायाधीशापुढे बोलावण्याची रीत सुरू झाली. नव्या प्रयोगाचे म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या तीन आठवड्यांच्या मुदतीचेच हे विस्तारित रूप होते.

तथापि या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ऑगस्टसच्या यशाचे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. सुधारण्याचा संभव पाहूनच ज्यांची निवड केली, ते सुधारले, यावरून सर्वच अपराधी तसे सुधारतील असा निष्कर्ष निघत नाही. दारिद्र्यामुळे माणूस दारूकडे आणि चोरीकडे का वळतो, या प्रश्नाच्या मुळाशीही तो फारसा गेला नाही. त्याची दृष्टी समोरच्या माणसापुरती होती. आणि त्याच्या पश्चात संस्थेचे झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. २०२२ अखेर अमेरिकेत सुमारे तीस लाख प्रौढ व्यक्ती परिवीक्षेखाली होत्या. एकेका अधिकाऱ्यावर इतक्या प्रकरणांचा भार, की सोबत करणे दूर राहून अटी मोडल्या की नाही हे तपासणे एवढेच काम उरते; आणि अट मोडली की तुरुंग ठरलेला. त्याहून विपरीत असे की, अनेक राज्यांनी देखरेखीचा खर्च म्हणून परिवीक्षेखालील माणसांकडूनच फी घेण्यास सुरुवात केली. काही राज्यांनी अलीकडे ती रद्द केली, पण पुष्कळ ठिकाणी ती चालू राहिली. ऑगस्टसने ज्या फीच्या अर्थकारणाशी झुंज दिली, ते त्याच्याच संस्थेच्या दारातून आत शिरले.

आपल्याकडील हिशेब

ऑगस्टसची परंपरा आपल्याकडे पोचली त्यालाही आता दीर्घ काळ लोटला आहे. पहिल्याच अपराधाबद्दल सद्वर्तनाच्या हमीवर सोडण्याची तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. मुंबई प्रांताने १९३८ साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा केला. त्याच मंत्रिमंडळाने दुसऱ्या वर्षी मुंबई शहरात दारूबंदी आणली. मद्यत्याग आणि अपराध्याची सुधारणा हे बॉस्टनमध्ये जोडीने आलेले विचार मुंबईतही असे जोडीनेच आले. १९५८ मध्ये देशव्यापी कायदा झाला. १९७३ च्या संहितेने त्यापुढे जाऊन, परिवीक्षा देता येण्याजोग्या प्रकरणात ती नाकारल्यास कारणे नोंदविण्याचे बंधन न्यायालयावर घातले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेची शिक्षा आली आहे. आणि दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणे हा त्यांतील एक अपराध आहे, हा योगायोग मौजेचा आहे.

जामिनाच्या बाबतीतही विचार कमी झालेला नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागून, भाऊ परजिल्ह्यातील म्हणून त्याची हमी नाकारण्यात आली, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रथेवर कठोर टीका केली. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधील असे कच्चे कैदी पुढे आले, की ज्यांनी आरोपाबद्दल होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. जामीन मिळूनही महिनाभरात हमी देता आली नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने करावा, अशा सूचना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या. त्याच वर्षी केंद्र शासनाने गरीब कैद्यांसाठी योजना आखली. तिच्यात त्या वेळी जामिनापोटी ४० हजार आणि दंडापोटी २५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, काही अपवाद सोडून, प्रथमच आरोपी झालेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढल्यास त्याची बंधपत्रावर मुक्तता व्हावयाची आहे.

कायदा आहे, निवाडे आहेत, आता थोडा पैसाही आहे. मग उणे काय आहे? उणे आहे तो माणूस. एखादा बंदी जामिनास पात्र झाला हे हुडकून काढणारा, त्याच्या घरच्यांना कळविणारा, कागद पुरे करणारा, सुटल्यावर त्याला कामाला लावणारा आणि पुढच्या तारखेला त्याला न्यायालयात घेऊन येणारा माणूस. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयास या प्रकल्पाने १९९० पासून मुंबईत नेमके हेच काम करून दाखविले आहे. तुरुंगाच्या आणि पोलिस ठाण्याच्या पातळीवर प्रशिक्षित समाजकार्यकर्ता उभा केला, तर कायद्यातील तरतूद कागदावरून खाली उतरते, हा त्याचा अनुभव आहे. पण एका संस्थेचा प्रकल्प ही राज्याची व्यवस्था होऊ शकत नाही. परिवीक्षा अधिकारी हे पद आपल्या कायद्यात आहे. प्रश्न आहे तो प्रत्येक फौजदारी न्यायालयाशी असा अधिकारी प्रत्यक्ष जोडण्याचा, त्याच्यावर झेपेल एवढाच भार टाकण्याचा आणि त्याच्या कामाचे मोजमाप किती अटी मोडल्या यावरून न करता किती माणसे पुन्हा मार्गाला लागली यावरून करण्याचा.

यासाठी खर्च येईल, असे म्हटले जाईल. येईलच. परंतु कच्च्या कैद्याला पोसण्याचाही खर्च येतोच. त्याची बुडालेली मजुरी, शाळा सुटलेली त्याची मुले आणि सावकाराकडे गहाण पडलेले घर हा खर्च तर अंदाजपत्रकाच्या कोणत्याच शीर्षाखाली दिसत नाही. आपण तो आजही करीत आहोत. फक्त तो ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून वसूल करीत आहोत. ऑगस्टसने हा हिशेब उलटा करून पाहिला. गरीब आरोपीच्या खात्यातील तूट त्याने आपल्या खात्यात घेतली आणि त्यापायी आपले दुकान बंद होऊ दिले. एका माणसाने हे करणे हा त्याचा मोठेपणा होय. पण जे काम न्यायव्यवस्थेने करावयाचे, त्यासाठी कोणा भल्या माणसाचे दुकान बंद पडावे लागणे, ही कोणत्याही राज्याला भूषणावह गोष्ट नव्हे. मॅसॅच्युसेट्सला हे उमगायला ऑगस्टसच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षे लागली. आपल्याकडे १९३८ चा कायदा होऊन त्याहून कितीतरी अधिक वर्षे लोटली आहेत.